झिजलेल्या थ्रॉटलची दुरुस्ती

उभ्या गाडीत इंजिन स्थिर चालत नाही, ही जुन्या मोटारींविषयीची तक्रार इतकी सामान्य आहे की बहुतेक मालक तिला गाडीच्या वयाचा धर्म मानून स्वस्थ बसतात. पायदाब सोडला की इंजिन कधी बंद पडते, कधी उगीचच वेगाने घरघरत राहते. मिस्त्री एक स्क्रू पिळतो, दुसरा सैल करतो. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी मूळचीच स्थिती परत येते. पुष्कळदा या साऱ्या त्रासाचे मूळ कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या, बोटापेक्षाही बारीक अशा एका दांडीत आणि ती ज्या दोन भोकांत फिरते त्या भोकांत असते. ही दांडी म्हणजे थ्रॉटलचे स्पिंडल. तिची भोके झिजून लांबट झाली म्हणजे स्क्रू पिळून काहीही साधत नाही. ती भोके पुन्हा वर्तुळाकार व मापाची करावी लागतात.

हे काम कोठे व कसे होऊ शकते याचा विचार करताना तमिळनाडूतील कुंभकोणम् या गावाचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. मराठी वाचकास हे नाव परके वाटू नये. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत याच मुलखावर होते आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथेच झाला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व वेगळेच आहे. एक तर हे वाहनांचे गाव आहे. चोलन रोडवेज या सरकारी बस कंपनीची स्थापना १९७२ साली येथे झाली, आणि तिच्या जागी आलेल्या परिवहन मंडळाचे मुख्य ठाणेही येथेच आहे. गावाच्या भोवती नवग्रहांची नऊ देवळे पसरलेली आहेत. त्यांपैकी तिरुनळ्ळार हे शनीचे देऊळ कारैक्कल भागात, म्हणजे पुदुच्चेरीच्या हद्दीत पडते. बाकीची आठ तमिळनाडूत आहेत. भाड्याच्या मोटारीतून एका दिवसात ही नऊही देवळे पाहण्याची प्रथा आहे. दुसरे असे की हे धातुकामाचेही गाव आहे. जवळच्या नाच्चियारकोविल येथे पितळी समया ओततात व लेथवर कातून गुळगुळीत करतात. स्वामिमलै येथे पंचधातूच्या देवमूर्ती ओतल्या जातात. जेथे धातू ओतणारा व कातणारा कारागीर हाकेच्या अंतरावर आहे, तेथे झिजलेला थ्रॉटल फेकून देण्याचे कारण सहसा उरत नाही. मात्र मूर्ती घडविणे आणि यंत्राचे बुश बनविणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, याचे भान ठेवावे लागते. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

देवदर्शनाची फेरी थ्रॉटलला विशेष कष्टाची असते. हमरस्त्यावरील लांबच्या प्रवासात थ्रॉटल तासन्तास जवळजवळ एकाच जागी राहतो. येथे मात्र दर थोड्या अंतरावर थांबणे, गल्लीतून काढणे, बैलगाडीमागे रेंगाळणे व पुन्हा वेग घेणे चालू असते. प्रत्येक वेळी स्पिंडल आपल्या भोकात फिरते. कापणीच्या दिवसांत भाताच्या तुसाची व रस्त्याची धूळ त्यावर बसते आणि तेलकट पृष्ठावर तिचा घासकागदासारखा लेप तयार होतो.

थ्रॉटलची रचना सोपी आहे. हवा ज्या नळीतून इंजिनात जाते त्या नळीत एक पातळ पितळी चकती आडवी बसविलेली असते. चकतीच्या मध्यातून स्पिंडल जाते. स्पिंडलची दोन्ही टोके नळीच्या भिंतीतून बाहेर येतात आणि एका टोकाला पायदाबाशी जोडलेला तरफेचा दांडा असतो. पाय दाबला की चकती हवेच्या प्रवाहाला समांतर होते. पाय उचलला की स्प्रिंग तिला मिटवून टाकते. चकती अगदी काटकोनात मिटत नाही, थोडी तिरपी राहूनच भिंतीस टेकते. म्हणून ती पूर्ण गोल नसून किंचित लंबगोल असते. नळीचा व्यास ३२ मिलिमीटर आणि तिरपेपणा १० अंश धरला, तर चकतीची लांब बाजू जवळजवळ ३२.५ मिलिमीटर भरते, आणि तिच्या कडाही त्याच कोनात घासलेल्या असतात. हे न जाणता चकती उलटी बसविणारा मनुष्य दिवसभर खटपट करूनही गाडी नीट करू शकत नाही.

स्पिंडल बहुधा पोलादाचे किंवा पितळेचे असते. ज्या अंगात ते फिरते ते जस्ताच्या वा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतीव असते. अंग मऊ, म्हणून झीज मुख्यतः अंगाची होते. परंतु ती सर्व बाजूंनी सारखी होत नाही. स्प्रिंग आणि पायदाबाची तार ज्या दिशेने ओढतात त्या दिशेस भोक खोल होत जाते व अंड्यासारखे लांबट बनते. तरफेकडील भोक दुसऱ्यापेक्षा लवकर बिघडते, याचे कारणही हेच.

एवढ्याशा फटीने इंजिनाचे काय बिघडावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर हिशेबाने देता येते.

इंजिन मंदगतीने चालत असताना चकती जवळजवळ मिटलेली असते आणि दट्टे मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे चकतीच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, दाब फार कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर उंचीइतका, तर आतला दाब २५ ते ३० सेंटिमीटरच असतो. आता हवेचा एक गुण असा की आतला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे ५३ टक्क्यांहून, म्हणजे येथे ४० सेंटिमीटरहून, खाली गेला की छिद्रातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो व त्यापुढे वाढत नाही. मग किती हवा शिरणार हे केवळ छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरते. एक चौरस मिलिमीटर छिद्रातून अशा वेळी सेकंदास सुमारे पाव लिटरहून थोडी कमी, म्हणजे ०.२ लिटर हवा आत जाते.

प्रीमियर पद्मिनी गाडीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे होते. मिनिटास ७०० फेऱ्यांच्या गतीने ते दट्ट्यांच्या हालचालीतून ३८० लिटर जागा मोकळी करते. पण ती विरळ हवेने भरत असल्यामुळे बाहेरच्या मापाने १२५ लिटरच्या आसपास हवा लागते. सेकंदाचा हिशेब दोन लिटर. म्हणजे सबंध इंजिनाची मंदगतीची हवा अवघ्या १० चौरस मिलिमीटरच्या वाटेने येते. हरभऱ्याच्या दाण्याहूनही हे क्षेत्र लहान आहे.

आता स्पिंडल ८ मिलिमीटर व्यासाचे आहे आणि झिजून भोकात पाव मिलिमीटर ढिले झाले आहे असे समजू. स्पिंडलभोवतीच्या कंगणाकार फटीचे क्षेत्रफळ प्रत्येक टोकाला ३ चौरस मिलिमीटरहून किंचित अधिक भरते, दोन्ही मिळून ६ हून अधिक. अरुंद फटीत घर्षणाने हवा अडते म्हणून त्यातील निम्मेच खरे धरले, तरी ३ चौरस मिलिमीटर उरतातच. इंजिनास हवी असणारी जवळजवळ तृतीयांश हवा अशा रीतीने चोरवाटेने येऊ लागते.

केवळ एवढेच असते, तर चकती थोडी अधिक मिटवून तोल साधता आला असता, आणि मिस्त्री करतो तेही हेच. अडचण अशी की चोरवाटेची हवा स्थिर राहत नाही. ढिले स्पिंडल आपल्या लांबट भोकात प्रत्येक वेळी निराळ्या जागी बसते. कधी फट या बाजूला रुंद होते, कधी त्या बाजूला. चकतीही त्याबरोबर सरकते आणि भिंतीस कधी वर, कधी खाली टेकते. म्हणून सकाळी जुळविलेली गती दुपारी राहत नाही. शिवाय ही हवा भिंतीलगत वाहत जाते व सर्व सिलिंडरांना सारखी मिळत नाही; एका सिलिंडरचे मिश्रण पातळ होऊन त्यात ठिणगी पडूनही जाळ पेटत नाही. गाडी ‘मिसिंग करते’ असे कारखान्यात म्हणतात ते हेच. आणखी एक परिणाम सूक्ष्म आहे. चकतीच्या कडेजवळ भिंतीत बारीक छिद्रे असतात. पाय दाबू लागताच कड त्यांच्यावरून सरकते व त्यांतून पेट्रोल मिळू लागते. चकती प्रमाणाबाहेर मिटवून ठेवली म्हणजे कड त्या छिद्रांपर्यंत उशिरा पोहोचते; गाडी निघताना एक गचका खाते, किंवा चढावर ऐन वेळी बंद पडते.

हा दोष वेगात दिसत नाही. चकती उघडली की मॅनिफोल्डमधील दाब वाढतो, मुख्य वाटेने पुष्कळ हवा येते आणि तीन चौरस मिलिमीटरच्या फटीला काही किंमत राहत नाही. चाळीसच्या वेगाने उत्तम धावणारी पण रेल्वेच्या फाटकाशी उभी राहिली की थरथरणारी गाडी पाहून जाणत्याचे लक्ष प्रथम थ्रॉटलकडे जावे, ते यामुळे.

अलीकडे या दोषाला अधिक धार आली आहे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते. अशा मिश्रित इंधनास सुमारे १३.५ भाग पुरते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट मात्र पहिल्या प्रमाणासाठी पाडलेले आहेत. त्यामुळे मिश्रण मुळातच सात-आठ टक्के पातळ होते, आणि त्यात फटीची हवा मिळाली की पूर्वी जी झीज खपून जात असे ती आता खपत नाही. यावर उपाय म्हणून मिश्रणाचा स्क्रू सैल करून पेट्रोल वाढविले, तर ज्या सिलिंडरांना आधीच पुरेसे मिळत होते त्यांत ते अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि प्रदूषण तपासणीत गाडी अडकते. मंदगती वाढवून मिनिटास १,१०० फेऱ्या ठेवणे हा दुसरा लोकप्रिय उपाय. तो प्रत्येक देवळाबाहेर उभ्या गाडीत पेट्रोल जाळीत राहतो. भाड्याच्या गाडीवर पोट असणाऱ्याला हा खर्च दिसत नाही, पण तो दररोज होत असतो.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी दोष खरोखर तेथेच आहे याची खात्री करून घ्यावी. तरफ धरून स्पिंडल वर-खाली हलवून पाहावे. फिरविण्याच्या दिशेने नव्हे, आडव्या दिशेने. नव्या थ्रॉटलमध्ये हा खेळ हातास जवळजवळ जाणवत नाही. जाणवला आणि खुट्‌खुट् आवाज आला, तर झीज आहे. मग इंजिन मंदगतीने चालू ठेवून ब्रशाने स्पिंडलच्या टोकाशी इंजिनाचे जाड तेल सोडावे. तेल फटीत शिरून काही सेकंद ती बुजविते. त्या वेळी इंजिनाची चाल बदलली तर चोरवाट तीच. काही ठिकाणी याच परीक्षेसाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर व ठिणगीच्या तारांजवळ असे करणे हा शुद्ध अविचार आहे. कार्ब्युरेटरखालची गॅस्केट, मॅनिफोल्डचे जोड व रबरी नळ्या यांचीही अशीच परीक्षा करावी, कारण पुष्कळ निर्दोष थ्रॉटल केवळ फाटलेल्या गॅस्केटपायी उघडले गेले आहेत.

झीज थोडी असेल व ती स्पिंडलचीच असेल, तर नवे स्पिंडल पुरते. भोके लांबट झाली असतील, तर ती मोठी करून जाड स्पिंडल घालणे हा एक मार्ग. परंतु जाड स्पिंडल नळीतील हवेला अधिक अडविते आणि पुढच्या झिजेला पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. भोकांत ब्राँझचे बुश बसविणे हाच टिकाऊ उपाय होय. त्याचे काम नाजूक आहे व त्यातील पहिली पायरी सर्वांत अधिक बिघडविली जाते.

ती पायरी म्हणजे चकती काढणे. चकती दोन बारीक स्क्रूंनी स्पिंडलच्या खाचेत धरलेली असते. हे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून कारखान्यात त्यांची मागची टोके ठोकून फुगविलेली असतात. ती टोके कानशीने घासून सपाट केल्यावाचून स्क्रू पिळला, तर स्पिंडलमधील आटे निघून येतात किंवा स्क्रूचे डोके तुटते. काढण्यापूर्वी चकतीची वरची बाजू व तिची दिशा यांवर खूण करून ठेवावी.

पुढचे काम भोके मोठी करण्याचे. येथे हातड्रिल वापरू नये. ड्रिलचे टोक झिजलेल्या भोकाच्याच वाटेने जाते. भोक मोठे होते, पण झिजेच्या बाजूला सरकलेले राहते. दोन्ही बाजूंची भोके स्वतंत्रपणे पाडली, तर ती एका रेषेत येत नाहीत आणि नवे स्पिंडल अडकते. लेथवर हे काम नीट होते. थ्रॉटलचे अंग लेथच्या आडव्या सरकपट्टीवर घट्ट बांधतात आणि दोन्ही केंद्रांमध्ये धरलेला लांब रीमर दोन्ही भोकांतून एकाच मांडणीत आरपार नेतात. अंग बांधताना झिजलेल्या भोकावरून नव्हे, नळीच्या मध्यावरून व भोकाच्या न झिजलेल्या भागावरून मध्य साधावा लागतो. या साधण्यातच कारागिराचा अर्धा दिवस जातो, आणि तो तसा जाणे योग्य आहे.

बुश कशाचे करावे? धातुकामाच्या गावात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण तेथे तांब्याच्या मिश्रधातूंचे तुकडे सर्वत्र मिळतात आणि पिवळे दिसणारे सर्व सारखे वाटतात. देवमूर्तींच्या पंचधातूत तांबे, पितळ व शिसे मुख्य असतात. ती मूर्ती ओतण्यास योग्य, यंत्राचा भार सोसण्यास नव्हे. घंटेच्या काशात शंभरांत बावीसपर्यंत कथील असते. ते ठणठणीत वाजते, पण ठिसूळ असते व कातताना तडकते. समईचे पितळ सहज कातले जाते, परंतु स्पिंडलही पितळी असेल तर सारखे धातू एकमेकांवर घासून चिकटू लागतात. यास्तव गनमेटल घ्यावे. त्यात तांबे ८८, कथील १० व जस्त २ भाग असतात. ते पोलादी स्पिंडलबरोबर पुष्कळ वर्षे टिकते. बाजारात तेल मुरविलेले सच्छिद्र ब्राँझचे बुशही मिळतात. पंख्यांत ते उत्तम काम देतात. येथे मात्र पेट्रोलची वाफ त्यातील तेल धुऊन नेते, म्हणून साधे भरीव बुशच श्रेयस्कर ठरते.

बुशाचा बाहेरचा व्यास भोकाहून ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर मोठा ठेवून ते दाबून बसवितात. याहून घट्ट बसविल्यास जस्ताचे ओतीव अंग तडकण्याचा धोका असतो. इंजिन तापल्यावर जस्त ब्राँझहून अधिक फुगते, तेव्हा बुश सैल होईल अशी शंका येईल. अकरा मिलिमीटरचे बुश व साठ अंशांची तापवाढ धरली, तर हा फरक ०.००६ मिलिमीटर येतो. घट्टपणाचा बराचसा भाग शिल्लकच राहतो. बुश नळीच्या पोकळीत पुढे येता कामा नये, तसेच भिंतीतील पेट्रोलची बारीक छिद्रे त्याने झाकली जाऊ नयेत. बसविल्यानंतर दोन्ही बुशांतून पुन्हा एकदा रीमर फिरवून स्पिंडलसाठी ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर मोकळीक ठेवावी. मोकळीक मुळीच न ठेवणे हे अधिक चांगले काम नव्हे. तापल्यावर असे स्पिंडल अडकते, आणि पाय उचलल्यावरही थ्रॉटल उघडा राहतो. देवळाच्या गर्दीच्या रस्त्यात याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची गरज नाही.

चकती परत बसविताना स्क्रू प्रथम सैलच ठेवावेत. थ्रॉटल दहा-बारा वेळा हळू मिटवावा, म्हणजे चकती आपली जागा आपणच शोधते. मग अंग उजेडासमोर धरून पाहावे. कडेभोवती प्रकाशाची रेघ दिसू नये, किंवा दिसली तर सर्वत्र केसासारखी सारखी दिसावी. एका बाजूस चंद्रकोर दिसली, तर चकती सरकलेली आहे किंवा नळीच्या भिंतीतच जुन्या चकतीने खाच पाडलेली आहे. खाच खोल असेल तर बुश बसवूनही मंदगती पूर्ण सुधारत नाही. अशा वेळी दुसरे अंग शोधणेच स्वस्त पडते. जागा ठीक असल्यास स्क्रू घट्ट करून त्यांची टोके पुन्हा ठोकून फुगवावीत. ठोकताना स्पिंडलखाली लोखंडाचा आधार द्यावा, नाहीतर ते वाकते. या शेवटच्या ठोक्यांचा आळस करू नये. सुटलेला स्क्रू थेट मॅनिफोल्डमध्ये पडतो, तेथून झडपेखाली किंवा दट्ट्यावर जातो, आणि काही रुपयांच्या कामापायी सबंध इंजिन उघडावे लागते.

गाडीवर चढविण्यापूर्वी अंग गरम पाण्यात बुडवून तापलेल्या स्थितीतही थ्रॉटल स्प्रिंगच्या जोराने पूर्ण मिटतो की नाही हे पाहून घ्यावे. चढविल्यावर मिश्रणाचा व गतीचा असे दोन्ही स्क्रू पहिल्यापासून जुळवावे लागतात. जुन्या फटीला अनुसरून केलेली जुनी जुळवणी आता चुकीची असते, आणि दुरुस्तीनंतर प्रथम इंजिन काळा धूर सोडू लागले तर त्यात नवल नाही.

डिझेल इंजिनात सामान्यतः असा थ्रॉटल नसतो, म्हणून बसगाड्यांच्या मिस्त्रींना हा दोष फारसा भेटत नाही. तथापि मॅनिफोल्डमधील पोकळीवर चालणारा गतिनियामक असलेल्या काही जुन्या डिझेल इंजिनांतही हवेच्या वाटेवर अशीच चकती असे. तिचे स्पिंडल झिजले की इंजिनाची गती लाटेसारखी वर-खाली होई, आणि दोष पंपाचा समजून पंप उघडला जाई.

पेट्रोल फवारणाऱ्या नव्या गाड्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या थ्रॉटलचे स्पिंडल बहुधा बेअरिंगवर फिरते आणि अनेकांत चकतीच्या कडेशी वंगणाचा कोरडा थर दिलेला असतो. कडक ब्रशाने घासून ‘साफ’ केल्यास तोच निघून जातो. फटीतून हवा शिरली तरी गाडीतील संगणक काही मर्यादेपर्यंत ती सांभाळून घेतो, आणि दोष लपून राहतो. अशा अंगात बुश घालण्याचा प्रयत्न करू नये. ते सबंध बदलावे. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे त्याच्या कितीतरी आधी. त्यांचे नवे थ्रॉटल आता कारखान्यातून येत नाहीत; जे आहेत ते लेथवर बांधून पुन्हा मापात आणावे लागतात.